बांधापलीकडचा माणूस

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत शिरण्यापूर्वी बाहेर रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसलेल्या बायकांपाशी थांबण्याची मला जुनी सवय आहे. त्यांच्यापुढे भाजी थोडी असते. पण ती त्यांच्या स्वतःच्या रानातली असते. त्यांतल्या मुळशीकडून येणाऱ्या एक मावशी माझ्या चांगल्या परिचयाच्या झाल्या आहेत. कधी अंबाडी, कधी चाकवत, श्रावणात कुर्डूची कोवळी पाने असे काहीबाही घेऊन त्या येतात. गेल्या पावसाळ्यात मी सहज विचारले, मावशी, तुमचे रान नेमके कोठे? त्या म्हणाल्या, "त्या मोठ्या स्कीमची भिंत हाय न्हवं, तिला लागून आमचं रान."

हे वाक्य कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना. रान त्यांच्या आजेसासऱ्याच्या काळापासूनचे, भिंत काल-परवाची. रीतीप्रमाणे भिंत रानाला लागून असावयास हवी होती. पण पत्ता सांगताना मावशींच्या तोंडी भिंत आधी आली आणि रान मागाहून आले. जमीन विकली गेलेली नव्हती, कोणी ती बळकावलेलीही नव्हती. तरीही भाषेत तिची मालकी एक पाऊल मागे सरकली होती.

जमीन विकसित करणारा आणि त्याच्या बांधापलीकडे पूर्वापार नांदत आलेला समाज, या दोघांत मानाचे नाते कसे जडावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कायदेपंडित किंवा नगररचनाकार यांच्याकडे सोपविला जातो. मला तो साहित्याचाही प्रश्न वाटतो. ज्या नात्याचे चित्र एखाद्या भाषेत कोणी रेखाटलेलेच नाही, ते नाते त्या भाषेच्या लोकांना निभावता तरी कसे यावे? या दृष्टीने मी अलीकडे एक कादंबरी पुन्हा वाचली आणि एक चित्रपट पुन्हा पाहिला. दोन्ही कलाकृती मोलाच्या आहेत. दोन्हींत एक जागा रिकामी आहे असे मला आढळले, आणि ती जागा एकच आहे.

कादंबरी म्हणजे विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविली गेली. धरणाखाली गाव गेलेल्या माणसांची परवड त्यात आहे. लेखक प्रशासनात काम केलेले असल्यामुळे मोजणी, पंचनामा, नुकसानभरपाई, पुनर्वसनाची जमीन, मधले दलाल या सर्वांचा तपशील त्यांनी ज्या बारकाईने मांडला आहे, तसा तो मराठीत त्यापूर्वी आलेला नव्हता. सरकारी दप्तरातली फाइल हेच जणू त्या कादंबरीतील एक क्रूर पात्र आहे. परंतु धरण बांधणारा हा धरणग्रस्ताचा शेजारी नसतो. पाणी चढते, गाव उठते, माणसे दूर कोठेतरी फेकली जातात. तेथे प्रश्न न्यायाचा आहे, शेजाराचा नाही.

चित्रपट म्हणजे प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न'. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला, तेव्हा एका प्रतिष्ठित गृहस्थांनी मला विचारले होते, "फादर, तुम्ही असले गुंडांचे सिनेमे पाहता?" मी पाहिला आणि पाहिल्याचा मला खेद नाही. एके काळचा गावचा पाटील जमीन विकतो, हाती आलेला पैसा बघता बघता संपतो, आणि ज्या मातीत त्याने नांगर धरला तेथेच तो राखणदार म्हणून उभा राहतो. तेथूनही अपमानित होऊन तो पुण्याच्या बाजारात हमाली करू लागतो. पाठीवर घेतलेले पोते कोणाच्या तरी रानातून आलेले आहे. मोहन जोशी यांनी हा बाप ज्या संयमाने उभा केला आहे, त्याला तोड नाही. पुढे मुलगा गुन्हेगारीत शिरतो आणि कथा बंदुका-कोयत्यांच्या मागे धावू लागते. त्यातील एका गाण्यावर आमच्या पॅरिशमधील तरुण लग्नाच्या वरातीत बेभान होऊन नाचतात. ज्या कथेने त्यांना अंतर्मुख करावे, तिचे एवढे एकच गाणे त्यांनी घरी आणावे, यात दोष गाण्याचा की नाचणाऱ्यांचा, हे मला ठरविता आलेले नाही. असो.

चित्रपटाचा उपदेश सरळ आहे: जमीन विकू नका. उपदेश हितकर आहे, पण अपुरा आहे. कारण ज्यांनी विकली नाही त्यांचे काय, हा प्रश्न कथेच्या मध्यभागी कधी येत नाही. मावशींनी विकलेली नाही. तरी त्यांच्या विहिरीचे पाणी, गुरांची वाट, ओढ्याचा उतार, रात्रीचा काळोख, म्हसोबाच्या जत्रेची वाजंत्री, या सगळ्यांवर आता भिंतीपलीकडच्यांचे मत असते. विकणारा उद्ध्वस्त होतो, ही कथा मराठीने मनापासून सांगितली आहे. न विकणारा जेथल्या तेथे परका होतो, ही सांगावयाची राहिली आहे. आणि घेणारा? तो सौदा, दमदाटी आणि पैसा यांपुरता येतो. त्याला घर नाही, शंका नाही, लाज नाही. खलपुरुष म्हणून तो सोयीचा आहे. परंतु ज्याला चेहरा नाही त्याच्याकडून शेजारधर्माची अपेक्षा तरी कशी करणार?

या रिकाम्या जागेकडे पाहताना पवित्र शास्त्रातील दोन जुन्या कथा मला आठवतात, त्या पुरोहित म्हणून नव्हे, वाचक म्हणून. पहिली नाबोथाची. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. तो कशासाठी, हे आपण बहुधा विसरतो: भाजीपाल्याची बाग करण्यासाठी, आणि ती जागा राजवाड्याला लागून आहे म्हणून. राजाचा प्रस्ताव वरवर पाहता उदार आहे. याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आजचा कोणताही विकासक यापेक्षा वेगळे बोलत नाही. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचे वतन आहे, देणार नाही. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून पडतो, जेवत नाही. मग ईजबेल पत्रे लिहिते, त्यांवर राजाची मोहोर उठते, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात. ज्याने म्हणून सातबाऱ्यावरील फेरफार आणि कुलमुखत्यारपत्रांच्या भानगडी जवळून पाहिल्या आहेत, त्याला ही कथा इज्रेलची न वाटता आपल्याच तालुक्याची वाटेल. कथाकाराची थोरवी अशी की त्याने अहाबाला चेहरा दिला. तो रुसतो, उपाशी राहतो, पुढे एलियाचे शब्द ऐकून वस्त्रे फाडतो. त्यामुळे आपण त्याच्यात स्वतःला ओळखू शकतो.

दुसरी कथा अब्राहामाची. सारा मरण पावली आहे आणि तिला मूठमाती देण्यापुरतीही जमीन त्याच्याजवळ नाही. तो हित्ती लोकांपुढे उभा राहतो, आपण येथे परके आणि उपरे आहोत असे आधी सांगतो, त्या देशाच्या लोकांना नमन करतो, आणि एफ्रोनाकडे माझ्यासाठी शब्द टाका अशी त्यांना विनंती करतो. एफ्रोन जमीन फुकट देऊ करतो. अब्राहाम पुरी किंमत मोजतो, चारशे शेकेल रुपे, गावच्या वेशीत सर्वांदेखत. मग कथाकार शेत, त्यातील गुहा आणि बांधावरची झाडेसुद्धा नोंदवितो. घेणारा उपरा आहे, गरजवंत आहे, आणि सौदा अंधारात झालेला नाही. शेजाऱ्यांना आधी विचारले गेले आहे, मालकाला मागाहून. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आता पुन्हा मंडईकडे वळू या. मंडई हीदेखील एक विकासयोजनाच होती. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत नवी दगडी इमारत बांधली. १८८६ साली ती खुली झाली आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती फाकलेली दालने. उन्हापावसात बसणाऱ्यांना छप्पर मिळाले, हे खरेच. परंतु त्या योजनेला ज्यांनी विरोध केला त्यांत नगरपालिकेचे एक सभासद जोतीराव फुले होते. इतका पैसा इमारतीवर घालण्याऐवजी शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या वास्तूच्या खर्चाला त्यांनी हरकत घेतली, तिलाच पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांचे नाव दिले गेले, ही हकीकत पुणेकर गंमत म्हणून सांगतात. मला ती नुसती गंमत वाटत नाही.

फुले इमारतींचे वैरी नव्हते. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय फुलांचा आणि भाजीचा. हडपसरजवळ मांजरीला त्यांची शेती होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सभासद अशी करून दिली. म्हणजे बांधणारा, बांधापलीकडचा आणि परवानगी देणारा हे तिघेही एका माणसात एकत्र आले होते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहून झाला. त्यातील संताप सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातील शेतकऱ्याच्या घराचे वर्णन मला अधिक मोलाचे वाटते. ओटा, गोठा, चूल, फाटके पांघरूण, हे सारे ते अशा रीतीने दाखवितात की वाचक उंबऱ्यातून आत जाऊन आला असे त्याला वाटते. ज्याला सरकारी अंदाजपत्रक वाचता येते आणि ज्याला शेतकऱ्याच्या घरात वाकून शिरता येते, असा एकच लेखक त्या काळी आपल्याकडे होता. त्याने नव्या मंडईच्या खर्चावर बोट ठेवले ते या दुहेरी माहितीच्या बळावर. मंडईच्या इमारतीवर त्यांचे नाव आहे. त्यांचे ते दुहेरी ज्ञान मात्र पुढच्या नकाशांत फारसे उतरले नाही.

तरी मंडईच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे बांधणारा बांधून निघून गेला नाही. नगरपालिका, पुढे महानगरपालिका, भाडे घेत राहिली, आणि त्यामुळे गाळेधारकाला भांडायला एक ठिकाण राहिले. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, २०२४ च्या सप्टेंबरात मंडईच्या पोटाखालून भुयारी मेट्रो धावू लागली, तरी गाळ्यावर बसणारा आणि पालिका यांचे कुरबुरीचे का होईना, नाते टिकून आहे. ज्याला मंडई विद्यापीठ म्हणतात, त्या मोकळ्या वादविवादाच्या परंपरेचे मूळ मला त्या कुरबुरीतही दिसते. सौदा संपला की नाते संपते, असे तेथे झालेले नाही. मात्र ज्यांना गाळा कधीच मिळाला नाही, त्या माझ्या मावशींसारख्या, अजून रस्त्यावरच आहेत. त्यांचे नाते पालिकेच्या अतिक्रमणविरोधी गाडीशी आहे.

मावशी ज्या मुळशीहून येतात, तेथे यापूर्वी काय घडले ते थोडक्यात सांगतो. कारण चित्रपटाच्या नावात मुळशी आहे, पण तिचा हा इतिहास प्रेक्षकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी मुळशीला धरण बांधावयास घेतले, तेव्हा जमीन रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच शेतांत चाचणीचे चर खणले गेले. एका शेतकऱ्याने हरकत घेतली, तर त्याच्यावर पिस्तूल रोखण्यात आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट तेथेच सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबत होते. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तेथली. लढा तीन वर्षे चालला आणि हरला. धरण झाले, वीज मुंबईला गेली. या कथेतील एक बारीक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. अनेक जमिनी पुण्यातील सावकारांकडे गहाण होत्या, आणि त्यांना नुकसानभरपाई हवीच होती. म्हणजे कागदावरचा धनी आणि मातीवरचा धनी वेगळे होते, आणि कंपनीच्या हिशेबात कागदावरचा धनी समाधानी असला की पुरे होते. शंभराहून अधिक वर्षे उलटली. आजही 'आम्ही मालकाशी व्यवहार केला आहे' हे वाक्य तसेच बोलले जाते, आणि बोलणारे बहुधा प्रामाणिकपणेच बोलतात.

याच्या उलट एक उदाहरण जोतीरावांच्या मांजरीच्या शेजारीच, हडपसरला आहे. त्यावर मराठीत कोणी कथा-कादंबरी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. पुण्याची हद्द पसरत आली तेव्हा मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांपुढे नेहमीचे दोन मार्ग होते: तुकड्या-तुकड्यांनी विकणे, किंवा कोणीतरी घेईल म्हणून भीत बसणे. सतीश मगर यांनी तिसरा मार्ग सुचविला. सुमारे १२० कुटुंबांनी आपली चारशे एकरांवर जमीन एकत्र केली, कंपनी स्थापिली, आणि जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला भाग दिला. परवानग्यांची खटपट १९९० च्या दशकात चालली; २००० साली काम सुरू झाले. बाहेरच्या बिल्डरला जमीन न देता गावच बिल्डर झाले. शेतकऱ्यांच्या मुलांनी त्याच बांधकामात कंत्राटे घेतली, व्यवसाय शिकून घेतले. पुढे सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी याच धर्तीवर उभी राहिली.

या प्रयोगाचे मला मनापासून कौतुक आहे. तेथे पैसा किती झाला यापेक्षा, नकाशा काढण्याआधी किती घरांच्या ओसरीवर किती बैठका झाल्या असतील, याचे मला अधिक कुतूहल आहे. भाऊबंदकी ही आपल्याकडे बांधाच्या हातभर मातीसाठी तीन पिढ्या कोर्टात जाणारी गोष्ट. तिने चारशे एकरांचे बांध आपण होऊन पुसावेत! एखाद्या समर्थ कादंबरीकाराला याहून नाट्यमय विषय कोणता हवा? कोण अडून बसला, कोणाला कोणी समजावले, कोणत्या म्हातारीने शेवटपर्यंत अंगठा दिला नाही? आपले लेखक मुळशीच्या रक्तापाशी थांबतात आणि हडपसरच्या बैठकीपर्यंत पोहोचत नाहीत. शोकान्त कथेला प्रतिष्ठा आहे, आणि वाटाघाटीला नाही, ही आपल्या वाङ्मयाची जुनी खोड आहे.

तथापि समीक्षकाने येथेही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. भागीदारी जमिनीच्या प्रमाणात मिळते. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन तोच भागीदार. ज्या मजुरांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन खुरपली, त्यांच्या नावावर काहीच नसते. हे दोन्हीकडचे सत्य आहे, मग बिल्डर बाहेरचा असो की घरचा. लेकींची गोष्टही अशीच. शहर जवळ आले आणि जमिनीला भाव आला की सासरी गेलेल्या बहिणीला अचानक बोलावणे येते, पुरणपोळीचे जेवण होते, साडी मिळते आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत असे घडत नाही, असे मी म्हणू शकलो असतो तर मला आनंद झाला असता. मानाचे नाते म्हणजे केवळ बिल्डर आणि गाव यांच्यातले नाते नव्हे. गावाच्या आत जे बांध आहेत, ते भिंत येण्यापूर्वीपासूनच आहेत.

वसईच्या वाचकांना मी हे सारे सांगावयास नको. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत रस्त्यावर उतरलेले कितीतरी जण हे त्रैमासिक वाचतात. फादर २०२४ च्या जुलैत निवर्तले. त्या लढ्याने मला शिकविलेली गोष्ट पाण्याची आहे. इमारत बिल्डरने विकत घेतलेल्या जागेवर, कायद्याने उभी राहू शकते. पण तिची तहान शेजारच्या वाडीतील बावखल आणि विहीर भागवीत असते. टँकर भरून जातो तेव्हा कोणाची तसूभरही जमीन गेलेली नसते. पानवेलीची मुळे मात्र कोरडी पडतात. शेजाऱ्याशी व्यवहार न करताही त्याचे किती घेता येते, याचा हिशेब कोणत्याही खरेदीखतात लिहिलेला नसतो.

इतके दुसऱ्यांविषयी लिहिल्यावर स्वतःची हकीकत लपविणे बरे नव्हे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका खेड्यातील पॅरिशमध्ये मी होतो. देवळाची जागा ऐसपैस, पण उघडी. गुरे शिरत, रात्री कोणीकोणी येऊन बसे. मी पैसे जमविले आणि चारी बाजूंनी दगडी कुंपण घातले. काम नेटके झाले. आशीर्वादाला वरिष्ठ आले, हार-तुरे झाले. त्या जागेतून एक पायवाट जात होती. मागच्या वाडीतील कातकरी बाया पहाटे त्या वाटेने लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला जात. ती वाट मला माहीत होती. मी रोज सकाळी मिस्सेच्या आधी त्यांना पाहत असे. तरी कुंपण आखताना ती माझ्या नकाशात आली नाही. कारण ती कोठल्याच कागदावर नव्हती. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ नंतर मला भेटले. ते रागावले नव्हते. एवढेच म्हणाले, "फादर, भिंत घालायच्या आधी एकदा आमच्याकडं चहाला यायचं होतं." मी वरमलो. मागच्या बाजूला फाटक बसवून घेतले, त्याला कधी कुलूप घालायचे नाही अशी सूचनाही लिहून ठेवली. पण बाया त्या फाटकातून आल्या नाहीत. त्यांनी ओढ्याकडून लांबची वाट धरली होती, ती त्यांनी सोडली नाही.

ही गोष्ट मला अधिक टोचते ती पुण्यात आल्यावर. येथील नाना पेठेतील सिटी चर्चची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, ती त्यांच्या सैन्यातील गोव्याकडच्या कॅथलिक शिपायांना उपासनेसाठी. शहराच्या कडेला परक्यांना, त्यांचा धर्म वेगळा असतानाही, देवळासाठी भूमी मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेही. पण सगळ्या स्मरणांत देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव असते. त्या जागेच्या शेजारी तेव्हा कोण राहत होते, त्यांना कोणी विचारले का, त्यांनी नव्या घंटेचा आवाज कसा ऐकला, याविषयी कोणी लिहून ठेवलेले मला आढळले नाही. बांधापलीकडचा माणूस इतिहासातही बांधापलीकडेच राहतो.

म्हणून माझी मागणी लेखकांकडे आहे, आणि ती फार मोठी नाही. मला बिल्डरची बाजू घेणारी कादंबरी नको आहे, त्याला फासावर चढविणारीही नको. ज्याला आपल्या नव्या इमारतीच्या गच्चीवरून शेजारचे वाफे दिसतात आणि ज्याच्या मनात, खाली जाऊन बोलावे की नको, अशी चलबिचल होते, असा एक बिल्डर मला मराठीत भेटावा. त्या सदनिकेत नव्याने राहावयास आलेली बाई भेटावी, जिला पहाटेच्या काकड्याचा आवाज खुपतो आणि नंतर केव्हातरी खुपेनासा होतो. आणि विकली नाही म्हणून कोणाच्या कथेत न आलेली माझ्या मावशींसारखी एखादी शेतकरीण भेटावी. असे लेखन करावयाचे तर लेखकाला अंदाजपत्रकही वाचावे लागेल आणि वाकून उंबऱ्याच्या आतही जावे लागेल. 'असूड'च्या लेखकाने ते दोन्ही केले होते.

हा लेख लिहीत असताना गेल्या शनिवारी मी पुन्हा मंडईत गेलो होतो. मावशींकडे वाल होते. त्यांनी सांगितले की स्कीममधल्या काही बाया आता भिंतीच्या फटीतून हाक मारून भाजी मागतात. भिंतीला त्या जागी एक दार पाडावे असे त्या बायांनी सोसायटीच्या सभेत म्हटले आहे म्हणे. वॉचमनचा मात्र विरोध आहे. वॉचमन कोठला, मी विचारले. मावशी हसल्या. "आमच्याच गावचा की. त्याचंच रान हुतं ते." आणि तराजूत मूठभर वाल जास्त टाकून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिले.